सोमल कोणी घातला?

5 एप्रिल 1932 रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे एका तबेल्यात एक घोडा तडफडून मेला, आणि त्याला कोणी मारलं याची चर्चा पुढची पाऊणशे वर्षं थांबली नाही. घोड्याचं नाव फार लॅप. जन्म न्यूझीलंडचा, नाव कमावलं ऑस्ट्रेलियात. 1930चा मेलबर्न कप त्यानं जिंकला होता. मरणाआधी जेमतेम पंधरवडाभर, 20 मार्चला, मेक्सिकोतल्या आग्वा कालिएंतेची मोठी शर्यतही मारली होती. मंदीनं पिचलेल्या ऑस्ट्रेलियात हा तांबूस घोडा घराघरातला लाडका झाला होता. त्यामुळे तो परमुलखात गेल्याची बातमी आली तेव्हा निदान करायला कोणाला डॉक्टर लागला नाही. अमेरिकेतल्या जुगारी टोळ्यांनी विष घातलं, झालं. असं मानायला थोडा आधारही होता. मेलबर्न कपच्या आधी त्याच्यावर खरोखरच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

घोड्याचं कातडं पेंढा भरून मेलबर्नच्या संग्रहालयात गेलं, हृदय कॅनबेराला आणि सांगाडा वेलिंग्टनला. कातड्याबरोबर आयाळ टिकली, आणि शेवटी साक्ष दिली ती तिनंच. केस रोज किंचित वाढतो आणि त्या दिवशी रक्तात जे असेल ते थोडंथोडं आपल्यात कोंडून ठेवतो. इव्हान केम्पसन आणि डर्मट हेन्री या संशोधकांनी त्या आयाळीतले मोजके केस सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांखाली तपासले. अडचण अशी होती की पेंढा भरणारे कारागीर कातड्याला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकच वापरायचे. तेव्हा बाहेरून लागलेलं आर्सेनिक कुठलं आणि रक्तातून केसात आलेलं कुठलं, हे आधी वेगळं करावं लागलं. ते करता आलं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मरणाच्या साधारण 30 ते 40 तास आधी घोड्याच्या पोटात आर्सेनिकची मोठी मात्रा गेली होती.

म्हणजे टोळ्यांचाच हात? दोनच वर्षं आधी, 2008 साली, मेलबर्नच्या त्याच संग्रहालयानं लिलावात एक जुनी वही विकत घेतली होती. फार लॅपचा प्रशिक्षक हॅरी टेलफर्ड याची. तीत घोड्याला ताकद यावी, भूक लागावी, अंगावर तकाकी यावी म्हणून द्यायच्या औषधांच्या कृती होत्या, आणि त्यांत आर्सेनिक होतं, कुचल्याचं विषही होतं. त्या काळी यात चोरून करण्यासारखं काही नव्हतं. थॉमस फाउलर या इंग्रज डॉक्टरनं 1786 साली आर्सेनिकचं पातळ औषध प्रचारात आणल्यावर शंभर-सव्वाशे वर्षं माणसंही ते शक्तिवर्धक म्हणून घेत होती. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात तर लोक आर्सेनिकचा खडा खात आणि घोड्यालाही चारत, असं वृत्त 1851 साली छापून आलं होतं.

वहीतून गुन्हेगार सापडत नाही. मात्रा चुकली, दोनदा दिली गेली की कोणी मुद्दाम जास्त घातली, हे आयाळ सांगू शकत नाही. तिकडच्या झाडांवर कीटकनाशक फवारलं होतं आणि ते गवतावर उतरलं, असाही एक तर्क तेव्हापासून होता. पण या तर्कांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी परदेशी टोळी, मग शेजारचं झाड आणि सगळ्यात शेवटी आपल्याच तबेल्यातल्या फळीवरची बाटली.

आर्सेनिकनं मेलेल्या जनावरांचा गेल्या दीडदोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर हाच क्रम पुन्हापुन्हा भेटतो. या विषानं गुरं, घोडी, मेंढरं मारली ती बहुतेक वेळा मालकाच्या, औषध विकणाऱ्याच्या, कारखान्याच्या नाहीतर सरकारच्या हातून, आणि तीही भल्याच हेतूनं. शोध मात्र वैऱ्याचा झाला. तोही सगळीकडे सारखा नाही. बोट दाखवायला एखादा दुबळा हाताशी होता तिथे तो फार उत्साहानं झाला, आणि विष टाकणारा दांडगा होता तिथे त्याचं नाव ठाऊक असूनही हिशेब गुंडाळला गेला.

मराठीला हे विषाचं कुटुंब नवीन नाही. पांढरा तो सोमल, पिवळा तो हरताळ, तांबडी ती मनशीळ; तिन्ही आर्सेनिकचीच रूपं. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखक त्यावर हरताळ फासून ते बुजवायचे. नियमांना, निर्णयांना हरताळ फासल्याच्या बातम्या आजही रोज छापून येतात. ते विष होतं हे मात्र कोणाच्या ध्यानी नसतं. सोमलाची गंमत अशी, की त्याला ना वास ना धड चव. पिठात मिसळला तर पीठ वाटावा. उंदीर मारायला, कातडं टिकवायला, त्वचेच्या रोगावर, तापावर, अशा शंभर कारणांसाठी तो दुकानात मिळायचा.

जनावराच्या पोटात गेल्यावर तो पेशींच्या चुलीच विझवतो. अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या विकरांना गंधकाचे हात असतात. आर्सेनिक नेमके तेच धरून बसतं. आतड्यांच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतलं पाणी आतड्यात उतरतं. मग पोटशूळ, लाळ, झोकांड्या, पाण्यासारखी हगवण, कधी तिच्यात रक्त, आणि मात्रा मोठी असेल तर यातलं काहीच दिसायच्या आत गाय गोठ्यात आडवी. उतारा आहे. दुसऱ्या महायुद्धात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर तोड म्हणून ऑक्सफर्डमध्ये शोधलेलं डायमरकॅप्रॉल पशुवैद्यही वापरतात. पण ते लवकर मिळालं तर. गोठ्यात लक्षणं दिसेपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते.

इथेच सगळा घोळ आहे. हगवण, लाळ, तडकाफडकी मरण या खुणा काही एकट्या आर्सेनिकच्या नाहीत. बुळकांडीत गुरं हगवणीनंच जायची. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स झालेलं जनावर संध्याकाळी धडधाकट आणि सकाळी मेलेलं सापडतं. घटसर्प, फऱ्या हेही फार सवड देत नाहीत. रोगजंतू ही कल्पनाच रुजली नव्हती त्या काळात, मैलोगणती पशुवैद्य नसलेल्या गावात, एका रात्रीत चार बैल गेले तर माणसं काय म्हणणार? कोणीतरी घातलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर भारतात या 'कोणीतरी'ला नाव मिळालं. आझमगढ, गोरखपूर या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांनी लिहायला सुरुवात केली की गुरं मरताहेत ती विषानं, आणि विष घालतात ते चामार. शब्द त्या कागदपत्रांतला आहे. कारणही सोपं दिलेलं होतं. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे त्यांचं काम आणि त्याचं कातडं हा त्यांचा हक्क. कातड्याची निर्यात वाढली, भाव चढले. तेव्हा मरणाची वाट कशाला पाहायची, केळीच्या नाहीतर कसल्याशा पानात सोमलाची पुडी बांधून चारली की झालं. तर्क इतका बिनतोड दिसतो की त्याला पुराव्याची गरजच वाटू नये. बऱ्याचदा ती वाटलीही नाही.

विषप्रयोग होतच नव्हते असं कोणी म्हणणार नाही. ते होत होते आणि सोमलापेक्षाही अघोरी होते. गुंजेच्या बिया वाटून त्यांच्या सुईएवढ्या टोकदार सळया करायच्या, उन्हात वाळवायच्या, काठीच्या टोकाला बसवून जनावराच्या अंगात खुपसायच्या. याला 'सुतारी' म्हणत, आणि वैद्यक-न्यायशास्त्राच्या तेव्हाच्या इंग्रजी ग्रंथांत तिचं वर्णन येतं. शेजाऱ्याशी भांडण, बांधाचा वाद, उभ्या पिकात शिरलेली गाय, अशा रागातूनही विष घातलं जायचं, आणि ते घालणारे सगळ्या जातींचे असत. वाद आहे तो प्रमाणाचा. मेलेल्या दर गुरामागे एक विषारी पुडी शोधायची सवय लागली, की बाकीचं काही दिसेनासं होतं.

आणि बाकीचं फार मोठं होतं. हिंदुस्थानातल्या गुरांच्या साथींची चौकशी करायला 1869 साली सरकारनं एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते मुंबई लष्कराचे पशुवैद्य हॅलन. 1871 साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून चित्र उभं राहिलं ते देशभर पसरलेल्या बुळकांडीचं. ही साथ गावंच्या गावं बैलांवाचून ठेवी. ती हिंदुस्थानातून जायला 1995 साल उजाडावं लागलं, आणि जगातून ती संपल्याची घोषणा झाली ती 2011 साली. जो रोग संपवायला लसी, शीतपेट्या आणि शंभर-सव्वाशे वर्षं लागली, त्याच्या खात्यावरचे किती मृत्यू पूर्वी एका जातीच्या नावे लिहिले गेले असतील?

हा प्रश्न इतिहासकारांनी अलीकडे धसाला लावला आहे. रामनारायण रावत यांनी 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाची सुरुवातच चामारांना गुन्हेगार ठरवणाऱ्या या गुरं-विषप्रयोगाच्या आरोपापासून केली आहे. त्यांचं म्हणणं मुळालाच हात घालणारं आहे. उत्तर प्रदेशातले बहुसंख्य चामार शेतकरी आणि शेतमजूर होते, कातड्याच्या धंद्यावर जगणारे थोडे. मग ज्याच्या पोटापाण्याचा आधार नांगर आहे, तो गावातले बैल कशाला मारेल? सौरभ मिश्रा यांनीही 1850 ते 1890 या काळात ही विषारी ओळख कशी घडत गेली ते दाखवलं आहे. ती घडवण्यात अधिकाऱ्यांइतकाच गावच्या जमीनदारांचा फायदा होता. मेलेल्या जनावराला पूर्वी किंमत नव्हती तेव्हा ते ओढणाऱ्याचा हक्क कोणाला खुपत नव्हता. कातड्याला भाव आला तसे त्यावर हक्क सांगणारे नवे वाटेकरी उभे राहिले. ज्याचा हक्क काढून घ्यायचा त्याला आधी चोर ठरवणं सोयीचं असतं.

महाराष्ट्रात मेलेली गुरं ओढायचं काम महारांच्या माथी होतं, आणि त्या कामाबरोबर येणारा विटाळ आणि संशयही. मार्च 1927मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडून देण्याचं आवाहन केलं. त्यात स्वाभिमानाची हाक होती हे सर्वांना माहीत आहे. पण त्या मढ्यापासून दूर होण्यात या जुन्या आरोपाच्या सावलीतून बाहेर पडणंही होतं, याकडे सहसा लक्ष जात नाही.

कायद्यानं मात्र हा आरोप जपून ठेवला. 1904 साली विषांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा आला, आणि 1919 साली त्याची जागा दुसऱ्या कायद्यानं घेतली. 1919चा हा कायदा आजच्या वाचकाला माहीत असेल तो ॲसिडच्या विक्रीमुळे. ॲसिडहल्ल्यांनंतर 2013 साली तोच पुढे करण्यात आला. त्याचं चौथं कलम मुळातून वाचावं. एखाद्या भागात खुनासाठी किंवा गुरांना विष घालण्यासाठी एखाद्या विषाचा वापर वारंवार होत असल्याचं सरकारला दिसलं, तर त्या भागात ते जवळ बाळगण्यावरही निर्बंध घालता येतात. खून आणि गुरांचा विषप्रयोग एका ओळीत. गुरांच्या किमतीची ही कदर म्हणावी, तर त्याच सरकारच्या बंदरांतून किड्यांपासून बचाव करायला आर्सेनिक लावलेली कातडी जहाजं भरभरून परदेशी जात होती. व्यापाऱ्याच्या गोदामातला सोमल म्हणजे धंद्याचं सामान. झोपडीत सापडलेली पुडी म्हणजे गुन्ह्याचा पुरावा.

पुराव्यातही मेख होतीच. इंग्लंडात जेम्स मार्श यानं 1836 साली आर्सेनिक ओळखण्याची चाचणी शोधली आणि काही वर्षांत ती हिंदुस्थानातल्या सरकारी रसायन-परीक्षकांच्या हाती आली. मुंबईत हे काम करणाऱ्या आयसिडोर लायन यांचा वैद्यक-न्यायशास्त्रावरचा ग्रंथ पुढे पिढ्यान्‌पिढ्या वकील-डॉक्टरांच्या टेबलावर राहिला. चाचणी खरोखर नामी होती. काचेवर उमटलेला चकचकीत काळा डाग दिसला की आर्सेनिक आहे असं धरता येई. पण तो डाग एवढंच सांगतो. आर्सेनिक उंदरांच्या आमिषातून आलं, खरजेवरच्या औषधातून आलं की वैऱ्याच्या हातून आलं, यावर डाग गप्पच असतो. फार लॅपच्या आयाळीनंही पाऊणशे वर्षांनी तेच केलं.

आता त्याच काळात गोऱ्यांच्या मुलखात काय चाललं होतं ते पाहावं. विल्यम कूपर या पशुवैद्यानं 1852 साली लंडनजवळच्या बर्कमस्टेड गावी मेंढ्यांच्या खरजेवर एक भुकटी विकायला काढली. आर्सेनिक आणि गंधक. पाण्यात कालवून मेंढी त्यात बुडवून काढायची. भुकटी जगभर गेली, कूपरचं साम्राज्य उभं राहिलं. खरूज खरोखर बरी व्हायची. अधूनमधून मेंढ्याही मरायच्या. पाण्याचं माप चुकलं, तहानलेली मेंढी हौदातलं पाणी प्यायली, ओल्या लोकरीतून थेंब गळलेल्या कुरणात कळप सोडला, की खेळ खलास. हौदाशेजारी भुकटीचा रिकामा डबा पडलेला असायचा. पण त्याबद्दल कोणा जातीवर नोंदवही उघडल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकेत हा प्रकार सरकारी झाला. 1893 साली थियोबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केलं की दक्षिणेतल्या गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमार्फत पसरतो. किड्यानं रोग पसरतो हे इतकं स्वच्छ दाखवणारं हे पहिल्या कामांपैकी एक. त्याचं कौतुक करावं तेवढं कमीच. 1906 साली सरकारनं गोचीड निर्मूलनाची मोहीम उघडली. प्रत्येक गाय-बैल ठरावीक दिवसांनी आर्सेनिकच्या हौदातून पोहत पार करायचा, आणि तेही सक्तीनं. गरीब शेतकऱ्यांनी याला जोराचा विरोध केला. कित्येक ठिकाणी हौद सुरुंगानं उडवून दिले. अधिकाऱ्यांनी त्यांना अडाणी म्हटलं. मोहीम यशस्वी झाली, 1943पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरचा पट्टा सोडता गोचीड हटली, आणि लक्षावधी गुरं वाचली. हे यश खोटं नाही आणि ते झाकायचंही कारण नाही. पण हौद जिथे होते तिथल्या मातीत आर्सेनिक आजही आहे. एकट्या फ्लॉरिडात असे 3,000हून अधिक हौद होते. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या बुडवायच्या जागांचा अंदाज 50,000च्या घरात आहे. हौद बुजले, वर कुरणं झाली, कुठे घरं झाली, आणि आर्सेनिक काही कुजत नाही. शिवाय ज्या गोचिडीसाठी हे केलं ती 1930च्या दशकात ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत आर्सेनिक पचवायला शिकलीही.

मोंटानातली गोष्ट याहून उघडी आहे. 1902 साली ॲनाकोंडा इथे तांबं वितळवण्याचा प्रचंड कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षी डियर लॉज खोऱ्यातली गुरं, घोडी, मेंढरं मरू लागली. तांब्याच्या खनिजात आर्सेनिक असतं. भट्टीत ते धूर होऊन वर जातं आणि थंड झालं की गवतावर पांढरी पूड होऊन बसतं. घोड्यांच्या नाकात व्रण पडत. कंपनीनं काही भरपाई दिली, धुराडं उंच केलं, धूर आणखी लांब जाऊ लागला. हार्किन्स आणि स्वेन या रसायनशास्त्रज्ञांनी धूर मोजला. दिवसाला 25 टनांहून अधिक सोमल. 1908 साली त्यांनी चरणाऱ्या जनावरांच्या दीर्घकालीन आर्सेनिक-विषबाधेवर शोधनिबंधच लिहिला.

म्हणजे इथे काहीच गूढ नव्हतं. विष कोणतं ते ठाऊक, कुठून येतं ते ठाऊक, किती ते तोळ्यामाशांत मोजलेलं, मेलेल्या जनावरांच्या शरीरात सापडलेलं. खोऱ्यातल्या शंभराहून अधिक शेतकऱ्यांच्या वतीनं फ्रेड ब्लिस यानं 1905 साली दावा लावला. 1909 साली न्यायालयानं कारखाना बंद करायला नकार दिला. कारखाना थांबला तर सबंध भागाचं अर्थकारण कोसळेल. त्यापुढे खोऱ्यातल्या कुरणांचं नुकसान लहान. कारखाना 1980पर्यंत चालला आणि 1983 साली तो परिसर अमेरिकेच्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत गेला. दरम्यान कंपनी शहाणी झाली होती. धुरातलं आर्सेनिक पकडून ती विकू लागली होती, कीटकनाशकांसाठी आणि लाकूड टिकवण्यासाठी.

आझमगढच्या झोपडीतली पुडी आणि ॲनाकोंडाचं धुराडं ही तुलना काहींना अन्यायाची वाटेल. हेतूचा फरक नाही का? पुडी बांधणारा मारायला निघालेला असतो, धुराडं बांधणारा तांबं काढायला. फरक आहे, आणि कायद्यानं तो मानायलाच हवा. पण 1902च्या हिवाळ्यानंतर काय होतंय हे माहीत असताना भट्ट्या पेटत्या ठेवणाऱ्याला 'हेतू नव्हता' म्हणून किती काळ सोडायचं? आणि हेतूवरच सगळी नजर खिळली, तर ज्या आर्सेनिकच्या मागे कोणाचाही हेतू नाही ते कोण शोधणार? आज गुरांच्या पोटात जाणारं बहुतेक आर्सेनिक याच तिसऱ्या जातीचं आहे.

त्यातला एक मासला तर हिंदुस्थानातच जन्मला. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी 1933 साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं असं मिश्रण बनवलं की त्यात मुरवलेल्या लाकडाला ना वाळवी लागे ना बुरशी. क्रोमियम आर्सेनिकला लाकडात घट्ट धरून ठेवतं; ते सहजी धुऊन जात नाही. जगभरच्या कुंपणांचे, विजेचे खांब या शोधावर उभे राहिले. आपल्याकडच्या विज्ञानाचा अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट. खांब उभा आहे तोवर गाय त्याला अंग घासते आणि तिला काही होत नाही. खांब जुना झाला, शेतकऱ्यानं तो जाळला, की लाकूड जातं आणि धातू राखेत उरतात. राख खारट. गुरांना मिठाची ओढ, वासरं तर कोपऱ्यात सापडलेली राख चाटूनपुसून साफ करतात. पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आर्सेनिकच्या विषबाधेच्या कारणांत ही राख आवर्जून येते. इथे आरोपी कोण ठरवायचा, खांब की मीठ?

दुसरा मासला गंगेच्या खोऱ्यातला, आणि तो याहून कितीतरी मोठा. हगवणीनं पोरं मरत होती म्हणून 1970च्या दशकापासून बंगालमध्ये, दोन्ही बंगालमध्ये, सरकारांनी आणि युनिसेफनं नळकूप खोदायला लावले. तळ्याचं गढूळ पाणी सोडा, जमिनीतलं स्वच्छ पाणी प्या. 1983 साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या अंगावरचे डाग पाहून ओळखलं की हा आर्सेनिकचा प्रताप आहे. हिमालयातून आलेल्या गाळात ते निसर्गानंच घालून ठेवलेलं. त्यावर आता ग्रंथालयभर लिखाण झालं आहे, आणि त्यात माणूस मध्यभागी आहे हे योग्यच.

पण उन्हाळी भात याच पाण्यावर पिकतो. भाताच्या रोपात आर्सेनिक सर्वाधिक मुळात, त्याखालोखाल पेंढ्यात आणि सगळ्यात कमी दाण्यात उतरतं. दाणा माणसाचा, पेंढा गुराचा. वाटणी अशी झाली आहे. वर गाय दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते. नदिया जिल्ह्यात पशुवैज्ञानिकांनी केलेल्या अभ्यासांत दिसलं की गाईच्या दुधात आर्सेनिक तुलनेनं कमी उतरतं. बरंचसं शेणामुतावाटे बाहेर पडतं. गाय मरत नाही. रोड होते, दूध आटतं, अंगावरचे केस राठ होतात, आणि ज्याला त्याला वाटतं चारा कमी पडतोय. ना चौकशी, ना संशय, कारण मढंच नाही.

माणसाच्या पाण्यात आर्सेनिक लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना 1993पासून सांगते आणि भारतीय मानकही आता तेच आहे. गुरांच्या पाण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं सुचवलेली मर्यादा आहे 200. वीसपट. जनावर अल्पायुषी असतं, कर्करोग व्हायच्या आत त्याचं आयुष्य संपतं, असा त्यामागचा हिशेब असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण तो हिशेब गाईपाशीच थांबवला तरच बरोबर येतो. गाय बंद डबा नाही, तिच्यातून जे बाहेर पडतं ते शेतात आणि चुलीत जातं. महाराष्ट्राला हे लांबचं वाटू नये. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडातल्या अंबागड चौकी परिसरात, कौडिकसा आणि आसपासच्या गावांत, आर्सेनिकचं पाणी 1990च्या दशकाअखेरीस उजेडात आलं. तिथला गाळाचा नव्हे, खडकाचा दोष आहे, आणि खडक राज्याची सीमा पाहून थांबत नाही.

1919च्या कायद्याचं ते चौथं कलम अजून शाबूत आहे. कोणी गुरांना विष घालत असेल तर त्या भागात सोमल बाळगणाऱ्याला पकडता येतं. गावातला बैल मेला तर त्याचं यकृत, मूत्रपिंड काढून प्रयोगशाळेत पाठवायची सोय जिल्ह्याच्या गावापलीकडे क्वचितच पोचते. पोचली तरी नमुने पाठवले जातात ते तक्रार असेल तेव्हा, म्हणजे कोणावर तरी संशय असेल तेव्हा. संशय नसलेलं मरण तपासायची आपल्याकडे रीत नाही. गोठ्याच्या हौदातलं पाणी, गंजीतला पेंढा, कुंपणाच्या जुन्या खांबांची राख यांची नियमित तपासणी करायला कुठल्याही कलमाची गरज नाही. लागतो तो तपासनीस आणि वर्षातून एकदा त्याची फेरी. गुन्हेगार शोधण्यापेक्षा हे काम स्वस्त आहे. त्यात बातमी नाही, एवढाच त्याचा दोष.

बांगलादेशात 2000च्या सुमारास सुमारे 50 लाख नळकूप तपासले गेले आणि त्यांच्या तोंडांना रंग फासले गेले. हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका. लाल नळाचं पाणी धुण्याभांड्याला चालेल, असं सांगितलं गेलं. गुरांना चालेल की नाही हे रंग सांगत नव्हता. हिरवा नळ लांब असतो, तिथे रांग असते, आणि गाईला बादल्याच्या बादल्या पाणी लागतं. तेव्हा लाल नळावर भरलेली बादली गोठ्यात जाते. सकाळी शेण गोळा होतं, त्याच्या गोवऱ्या भिंतीवर थापल्या जातात, आणि महिनाभरानं त्या चुलीत जातात. चुलीसमोर बाई बसलेली असते, तिच्या मांडीवर पोर असतं, आणि धूर घरभर होतो.